जुनी गाडी का अडखळते? आधी निदान, मग पाना

"उस्ताद, गाडी पिकअप घेत नाही. सिग्नलला उभी राहिली की थरथरते, आणि रेस दिली की आधी एक झटका खाते, मग उचलते." जुन्या पेट्रोल गाड्यांचे काम करणाऱ्या गॅरेजात ही तक्रार नवी नाही. ऐकावयास ती साधी वाटते. परंतु ग्राहकाचा पैसा आणि कारागिराचे नाव सर्वांत जास्त जाते ते याच तक्रारीत, असे म्हटले तर वावगे होणार नाही. कारण या एका लक्षणामागे पंधरा-वीस निरनिराळी कारणे असू शकतात आणि त्यांपैकी बरीचशी बाहेरून सारखीच दिसतात.

मग काय होते? अंदाजाने सामान बदलणे सुरू होते. पहिल्या दिवशी प्लग बदलले जातात. आठवड्याने कार्बुरेटर खोलून नवे किट टाकले जाते. पंधरा दिवसांनी कॉइल, त्यानंतर पेट्रोल पंप. बिल वाढत जाते, गाडी मात्र होती तशीच राहते. शेवटी ग्राहक म्हणतो, "जाऊ द्या, भंगारात घालतो," आणि पुन्हा त्या गॅरेजची पायरी चढत नाही. अशा वेळी दोष गाडीचा नसतो, दोष क्रमाचा असतो. निदान न करता औषध देणारा हकीम आणि तपासणी न करता सामान बदलणारा मिस्त्री यांत फरक तो काय?

आपल्यापैकी कितीतरी बांधवांचा चरितार्थ गॅरेज, सुटे भाग आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री यांवर चालतो. नव्या गाड्यांत बिघाड शोधण्यास संगणकाचा स्कॅनर असतो. जुन्या गाडीत स्कॅनर लावण्यास जागाच नाही. तेथे कारागिराचे डोळे, कान आणि डोके हाच स्कॅनर. म्हणून या लेखात आम्ही तपासणीचा एक क्रम मांडत आहोत. तो नवा नाही. चांगले उस्ताद तो पूर्वीपासून पाळत आले आहेत. परंतु तो शागीर्दापर्यंत पोहोचला नाही, तर त्यांच्याबरोबरच जाईल.

कोणत्या गाड्या?

येथे आम्ही कार्बुरेटर, डेल्को आणि सीबी पॉइंट असलेल्या पेट्रोल गाड्यांविषयी बोलत आहोत. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, अॅम्बॅसडर, आणि १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या मारुती ८०० चे कार्बुरेटरवाले नमुने या त्यातल्या आपल्या ओळखीच्या गाड्या. पद्मिनी टॅक्सी आता मुंबईच्या रस्त्यावर नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचीही मुदत संपली. परंतु खासगी मालकांकडे, हौशी लोकांकडे आणि गावोगाव अशा गाड्या अजून आहेत. त्यांचे काम जाणणारे हात मात्र कमी होत चालले आहेत. ज्याला हे काम येते, त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही.

पाना उचलण्याआधी विचारा

पहिली तपासणी तोंडाने करावयाची. ग्राहकाला पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

१) त्रास थंड इंजिनाला होतो, गरम झाल्यावर होतो, की दोन्ही वेळा?
२) गाडी उभी असताना होतो, अॅक्सिलरेटर दाबण्याच्या क्षणी होतो, की चढावर आणि वेगात होतो?
३) पावसात किंवा दमट हवेत वाढतो काय?
४) पेट्रोल भरल्यानंतर सुरू झाला काय? गाडी बरेच दिवस बंद होती काय?
५) त्रास सुरू होण्याआधी कोणते काम केले होते?

या उत्तरांतच अर्धे निदान असते. थंडीत अडखळून गरम झाल्यावर ठीक चालणारी गाडी बहुधा कमी पेट्रोल घेते आहे किंवा चोक नीट लागत नाही. थंडीत ठीक, पण अर्ध्या तासाने मिसिंग सुरू, अशी गाडी कॉइल, कंडेन्सर किंवा टॅपेटकडे बोट दाखवते. फक्त पाय दाबताच खड्ड्यात पडल्यासारखी दबते आणि मग उचलते, तेथे अॅक्सिलरेटर पंप किंवा व्हॅक्यूम अॅडव्हान्स पाहावा. सपाट रस्त्यावर चांगली, चढावर दम सोडते, तेथे पेट्रोल पुरत नाही किंवा करंट कमकुवत आहे. पावसात बिघडते तेथे वायर, डेल्कोचे झाकण आणि कॉइलचे तोंड पाहावे. पाचव्या प्रश्नाकडे तर दुर्लक्ष करूच नये. काम झाल्यानंतर लगेच आलेला त्रास बहुतेक वेळा त्या कामाच्या जागीच सापडतो. एखादी व्हॅक्यूम नळी लावायची राहिलेली असते, किंवा प्लगच्या दोन वायरी अदलाबदल झालेल्या असतात. पद्मिनीचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे. त्यात दोन वायरी चुकल्या की दोन सिलिंडर मेलेच म्हणून समजा.

यानंतर डोळ्यांनी पाहावे. बॅटरीचे टर्मिनल, इंजिनापासून बॉडीकडे जाणारी अर्थची पट्टी, फुटलेल्या रबरी नळ्या, घाण झालेला एअर फिल्टर, मॅनिफोल्डचे सैल नट. सैल अर्थपट्टीमुळे गाडी कधी चालते, कधी चालत नाही, आणि मिस्त्री कार्बुरेटर उघडून बसलेला असतो. हे पाहण्यास दहा मिनिटे लागतात, खर्च काही नाही.

एक सिलिंडर की सगळे?

सर्व निदानाची किल्ली या एका प्रश्नात आहे. इंजिन स्लोवर चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहावी. रबराचे हातमोजे किंवा चांगले इन्सुलेशन असलेली पक्कड वापरावी, आणि काढलेली वायर मोकळी लोंबकळत न ठेवता जास्तीच्या प्लगला लावून तो प्लग इंजिनाला टेकवावा. यामुळे कॉइलवर अकारण ताण पडत नाही आणि हाताला झटका बसत नाही. जवळपास पेट्रोलचा ओलावा किंवा वास नाही ना, हे आधी पाहावे.

वायर काढल्यावर इंजिनाचा वेग पडला तर तो सिलिंडर काम करतो आहे. काहीच फरक पडला नाही तर तो सिलिंडर आधीच बंद होता. मारुती ८०० च्या इंजिनाला तीनच सिलिंडर. त्यांतला एक गेला की तिसरा हिस्सा ताकद गेली आणि सगळी गाडी थरथरू लागली.

एकच सिलिंडर बंद असेल तर त्या सिलिंडरचे स्वतःचे जे आहे तेच पाहावे: त्याचा प्लग, त्याची वायर, डेल्कोच्या झाकणातील त्याचा खांब, त्याचे व्हॉल्व्ह, त्याचे रिंग, आणि मॅनिफोल्डला त्याच्या तोंडाशी हवा ओढली जाते काय. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, पेट्रोल पंप ही सर्व सिलिंडरांची सामाईक मिळकत. ती बिघडली तर त्रास सगळ्यांना होईल, एकट्याला नाही. एवढा एक नियम पाळला तरी निम्मे फुकट बदललेले सामान वाचेल.

कॉम्प्रेशन आधी

पुष्कळ ठिकाणी कॉम्प्रेशन शेवटी तपासले जाते. ते आधी तपासावे. कारण कॉम्प्रेशनच नसेल तर जगातील सर्वांत चांगला कार्बुरेटरही त्या इंजिनाला सुरळीत चालवू शकणार नाही. इंजिन गरम करून सर्व प्लग काढावेत, कॉइलची वायर सोडावी, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहावा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत पंधरा-वीस टक्क्यांहून अधिक फरक असेल तर कारण इंजिनाच्या पोटात आहे.

कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग झिजले आहेत, कारण ऑइलने फट बुजवली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी असतील तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट जळाल्याचा संशय घ्यावा.

येथे टॅपेटची गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. आरोग्याच्या दृष्टीने ते उत्तमच झाले. परंतु शिशाचा पातळ थर जुन्या व्हॉल्व्ह-सीटला झिजण्यापासून सांभाळत असे. नरम सीटच्या जुन्या इंजिनांत सीट झिजली की व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटचा गॅप कमी होत होत शून्यावर येतो. थंड असताना गाडी ठीक, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि मिसिंग सुरू. ग्राहक तक्रार करत नाही, कारण आवाज येत नाही. जुने उस्ताद म्हणत ते खरे आहे: आवाज करणारा टॅपेट कानाला त्रास देतो, गप्प बसलेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

करंट: कार्बुरेटरचा खरा चोर

कार्बुरेटरवर आळ येतो, पण चोरी करंटने केलेली असते, असे वारंवार दिसते. म्हणून कार्बुरेटरला हात लावण्याआधी करंटचा हिशेब पूर्ण करावा.

प्लग काढून त्यांचा रंग पाहावा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा करंट कमी. काळा व तेलकट ओला म्हणजे ऑइल वर येते आहे. पांढरा म्हणजे मिश्रण पातळ किंवा प्लग फार तापतो आहे. सगळे प्लग ओळीने मांडून पाहावेत. तीन सारखे आणि एक वेगळा असेल तर तो वेगळाच बोलतो आहे.

पॉइंट उघडून पाहावेत. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल तर फिलर गेज उंचवट्यावर टेकते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवते. अशा पॉइंटवर गॅप लावणे म्हणजे वाकड्या पट्टीने कापड मोजणे. पॉइंट बदलावेत. पुष्कळ जुन्या गाड्यांत गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. पॉइंट लवकर लवकर जळत असतील, दोन्हींमध्ये मोठी ठिणगी दिसत असेल, तर कंडेन्सर गेला आहे.

आता एक महत्त्वाची बाब. गॅप वाढवला की टायमिंग पुढे जाते, कमी केला की मागे पडते. म्हणून आधी गॅप, नंतर टायमिंग. उलट क्रमाने केले तर दोन्ही बिघडते. गॅप कितीही वेळा लावला तरी टिकत नसेल तर डेल्कोचा शाफ्ट हलवून पाहावा. बुश झिजून शाफ्टला चाळ आली असेल तर प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळा मिळतो. अशा डेल्कोवर पॉइंटचे दहा संच बदलले तरी इंजिन एकसारखे चालणार नाही.

अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, वायरींवर हलकासा पाण्याचा फवारा मारावा. जेथे करंट गळतो तेथे निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. हात दूर ठेवावा, हे वेगळे सांगावयास नको. डेल्कोच्या झाकणात आणि रोटरवर पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी चीर दिसली तर ती पुसून जात नाही. तो भाग बदलावाच लागतो.

कॉइलचे दुखणे बहुधा गरम झाल्यावर येते. गाडी थंड असताना तपासून "करंट चांगला आहे" असे सांगू नये. त्रास चालू असेल त्याच वेळी ठिणगी पाहावी. निळी, जाड, टणत्कार करणारी असेल तर ठीक. पिवळी, बारीक असेल तर कॉइलचा विचार करावा. त्याआधी कॉइलपर्यंत व्होल्ट पूर्ण येतात का, हे मल्टिमीटर लावून पाहण्यास विसरू नये. जुन्या इग्निशन स्विचमध्ये आणि गंजलेल्या टर्मिनलमध्ये व्होल्ट वाटेतच खर्च होतात.

पेट्रोल आणि हवा

करंट आणि कॉम्प्रेशन यांचा हिशेब चुकता झाला की मगच कार्बुरेटर. तोही खोलण्याआधी बाहेरून तपासावा.

पहिली कसोटी अॅक्सिलरेटर पंपाची. इंजिन बंद ठेवून, एअर क्लीनर काढून कार्बुरेटरच्या घशात पाहत थ्रॉटल दाबावा. पेट्रोलची बारीक धार त्याच क्षणी सुटली पाहिजे. धार उशिरा आली, तुटक आली किंवा आलीच नाही, तर पाय दाबताच गाडी का दबते याचे उत्तर मिळाले. डायाफ्राम फाटला असेल, कडक झाला असेल किंवा नळीत घाण असेल.

दुसरी कसोटी चोकची. गरम इंजिन स्लोवर थरथरत असताना चोक किंचित ओढावा. गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे कोठून तरी फालतू हवा आत जाते आहे किंवा जेट तुंबले आहे. गाडी आणखी बिघडली तर मिश्रण आधीच दाट आहे. मग निडल व्हॉल्व्ह गळतो काय, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले आहे काय, चोक पूर्ण उघडतो काय, हे पाहावे.

हवा कोठून शिरते हे शोधण्यासाठी कार्बुरेटरचे बूड, मॅनिफोल्डचे जोड आणि ब्रेक बूस्टरची नळी यांवर साबणाचे पाणी थेंब थेंब सोडावे. चालू इंजिनाचा सूर ज्या जागी बदलेल तेथे गळती. याच कामासाठी पेट्रोल शिंपडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. गरम सायलेन्सरच्या पाइपाशेजारी पेट्रोल शिंपडणे म्हणजे गॅरेज जाळण्याची तयारी होय.

व्हॅक्यूम गेज जवळ असेल तर उत्तमच. ठणठणीत इंजिन स्लोवर सामान्यतः १७ ते २१ इंचांच्या दरम्यान काटा स्थिर ठेवते. काटा ठरावीक ताल धरून खाली झटकत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. स्थिर पण कमी असेल तर मागे पडलेले टायमिंग किंवा हवेची गळती.

चढावर आणि वेगात दम सुटत असेल तर पेट्रोल पुरते का, ते पाहावे. टाकीच्या झाकणातील हवेचे भोक बंद झाले तर टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी काही मैल चांगली चालून मरते. झाकण उघडताच सुस्कारा ऐकू आला तर निदान झाले. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होणाऱ्या गाडीच्या पंपावर ओले फडके ठेवून पाहावे. त्याने सुधारली तर पेट्रोलची वाफ होते आहे. मग पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाला चिकटली आहे का, ते पाहून ती दूर करावी.

इथेनॉलमुळे बदललेले गणित

जुन्या उस्तादांच्या काळात जे नव्हते ते आता आले आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सर्वत्र पोहोचले. १९९० च्या दशकातील कार्बुरेटर या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत. येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, वजनाच्या हिशेबाने एक भाग साधे पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरते. कार्बुरेटरचे जेट ठरलेल्या मापाचे, ते स्वतःहून मोठे होत नाही. साहजिकच नव्या इंधनावर मिश्रण पातळ पडते. जी गाडी आधीच काठावर होती ती आता अडखळू लागते.

दोन, इथेनॉल जुन्या टाकीतील चिकट घाण सोडवते. ती सरळ फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये येते. म्हणून फिल्टर लवकर बदलावा आणि साफ केलेले जेट महिन्याभरात पुन्हा तुंबले तर टाकी धुवावी. जुन्या काळचे रबर या इंधनात फुगते किंवा कडक होते. नळ्या, पंपाचा आणि कार्बुरेटरचा डायाफ्राम घेताना इथेनॉलला टिकणारा माल मागून घ्यावा.

तीन, इथेनॉल पाणी ओढते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होऊ शकतो, आणि पंप पहिल्यांदा ओढतो तो तळच. बंद पडून असलेली गाडी आली की टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर कार्बुरेटर उघडण्याची गरज नाही, आधी टाकी रिकामी करावी.

क्रमाने गेले तर काय सापडते

एक उदाहरण घेऊ. समजा, १९९४ ची मारुती ८०० आली आहे. स्लोवर ठीक, रेस दिली की झटके. मालकाने दुसरीकडे प्लग, पंप आणि कार्बुरेटरचे किट बदलून घेतले आहे. फरक शून्य.

विचारणा केली तर कळते की त्रास थंड-गरम दोन्ही वेळा आहे, पाऊस-उन्हाचा संबंध नाही. वायर काढून पाहिले तर तिन्ही सिलिंडर स्लोवर काम करतात. म्हणजे दोष सामाईक आहे. कॉम्प्रेशन तिन्हींत सारखे. अॅक्सिलरेटर पंपाची धार चांगली. मग राहिले काय? पाय दाबल्यावर डेल्कोमध्ये काय बदलते, हा विचार करावयाचा. पाय दाबला की व्हॅक्यूम बदलतो आणि पॉइंटची प्लेट फिरते. त्या प्लेटबरोबर पॉइंटला जाणारी छोटी वायरही दर वेळी वाकते. वर्षानुवर्षे वाकून तिची तार आतून तुटते, वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. प्लेट स्थिर असेपर्यंत तुटलेली टोके टेकलेली असतात, प्लेट फिरताच सुटतात. व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केले आणि झटके थांबले, की चोर याच घरात आहे. प्लेट हाताने फिरवत मल्टिमीटर लावला की तो पकडला जातो. त्याच वेळी नळी तोंडाने ओढून डायाफ्रामही पाहावा. प्लेट हलली पाहिजे आणि ओढ धरून ठेवली की तेथेच राहिली पाहिजे.

हातभर वायरीचा तुकडा आणि अर्ध्या तासाचे काम. आधी बदललेल्या तिन्ही वस्तू चांगल्याच होत्या. ग्राहकाचे पैसे गेले ते न विचारलेल्या प्रश्नांपायी.

पीयूसीचे यंत्र हाही साक्षीदार

आपल्या शेजारी पीयूसी केंद्र असेल तर त्याचा कागद निदानाला वापरावा. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पी.पी.एम. आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रण दाट. कार्बन मोनॉक्साइड बेताचे पण हायड्रोकार्बन भरमसाट असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे कोठेतरी मिसिंग आहे. कामाआधीचा आणि नंतरचा असे दोन कागद ग्राहकाच्या हातात ठेवले तर दहा शब्दांपेक्षा ते जास्त बोलतात.

धंद्याच्या दृष्टीने

शेवटी थोडे व्यवहाराचे. आमचे कारागीर बांधव मेहनत भरपूर करतात, परंतु डोक्याच्या कामाचे पैसे मागण्यास संकोचतात. म्हणून नफा सामानात काढावा लागतो आणि सामान बदलण्याचा मोह होतो. हा मोह दोघांचेही नुकसान करतो. त्यापेक्षा तपासणीचा आकार वेगळा ठरवावा आणि तो आधीच सांगावा. "दोष शोधण्याचे इतके. दोष सापडल्यावर काम करायचे की नाही ते तुम्ही ठरवा," असे स्वच्छ सांगितले तर समजदार ग्राहक नाही म्हणत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच गाडी चालवून पाहावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर कोणत्या गोष्टीने सुधारली हे उस्तादालाही कळत नाही, शागीर्द तर काहीच शिकत नाही. काढलेले जुने सामान ग्राहकाला दाखवून परत द्यावे. चालू स्थितीतला जुना पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल गॅरेजात तपासणीसाठी बाजूला ठेवावे. बाजारात नकली माल पुष्कळ आहे आणि नवे म्हणून आणलेले कंडेन्सरही खराब निघते. अशा वेळी आपला खात्रीचा जुना भागच खरे-खोटे करून दाखवतो.

प्रत्येक गाडीची वहीत नोंद ठेवावी: तक्रार, कॉम्प्रेशनचे आकडे, गॅप, सापडलेला दोष. पाच वर्षांत ही वही कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची होईल आणि मुलाच्या हाती देण्याजोगी होईल.

जुन्या गाड्यांचे काम संपले, असे समजू नये. जुलै २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात सांभाळलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून व्हीए अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. १९६० च्या दशकातील फियाट आता त्या वयाच्या झाल्या आहेत. या गाड्यांचा मालक इंजिन बदलून घेण्यास येत नाही. आहे तेच इंजिन गोड चालावे एवढेच त्याला हवे असते, आणि त्यासाठी तो योग्य मोल देतो.

ग्राहक किल्ली हातात देऊन जातो तेव्हा ती गाडी आपल्याकडे अमानत असते. पाना कोणालाही चालवता येतो. कोठे चालवायचा आणि कोठे चालवायचा नाही, हे ज्याला कळते त्याच्याच गॅरेजपुढे जुन्या गाड्यांची रांग लागते.